खालची, डावीकडची

तुमकूर सोडलं तेव्हा नुसती ठणक होती,
सैल झालेल्या नटासारखी,
ऐकू येते, पण गाडी चालते.
हावेरीला लवंग धरली.
बेळगावला ढाब्यावरच्या म्हाताऱ्याने मशेरी चोळायला दिली.
कागलला गोळी. कराडला अजून एक.
खंबाटकीचा बोगदा मी
एका हातात स्टेअरिंग, एका हातात गाल धरून पार केला,
आणि क्लीनर शिवलिंग
प्रत्येक खड्ड्याआधी माझ्या वतीने ओरडत होता.

मागे सोळा टन सुपारी.

वडाळ्याच्या टर्मिनलात सव्वानऊला इंजिन बंद केलं
तरी जबडा चालूच.
पंक्चरवाला बिलाल म्हणाला,
अँटॉप हिलला मेडिकलच्या शेजारी बाई बसते,
शटर अर्धं असलं तरी वाकून जा.

वाकून गेलो.
जन्मभर उंच बसून खाली बघायची सवय,
इथे पाठ खाली, पाय वर,
आणि समोरून एकच दिवा, अप्पर मारून थांबलेला.
डिप्पर दे म्हणावं
तर तोंडात तिचा आरसा.

डॉ. शेहनाज दलवी. पाटीवर वाचलं होतं.
कधीपासून दुखतंय?
नऊशे किलोमीटर.
तिने तारीख विचारली.
तारीख माझ्याकडे नव्हती,
मोबाईलवर टोलचे मेसेज होते, त्यातून ती काढली.

रूट कॅनल करू, म्हणाली,
चार वेळा यावं लागेल, दर मंगळवारी.
पुढच्या मंगळवारी मी कुठे असेन
ते शेठला माहीत असतं. मला सोमवारी कळतं.
तिने एक्स-रे उजेडाला धरला, बराच वेळ.
मग म्हणाली, वाचवता आली असती ही.
सुई नंतर आली.
त्याआधी ते 'असती' टोचलं.

निघताना आवाज झाला,
ओल्या फळीतून खिळा उपसावा तसा.
दुखलं नाही.
न दुखणं कसं असतं ते इतकं विसरलो होतो
की डोळ्यांतून पाणीच आलं.
तिने कापूस बदलला, काही विचारलं नाही.
आज गाडी चालवू नका, म्हणाली.
मग माझ्या हातातल्या किल्लीकडे बघून,
निदान थुंकू तरी नका.
आठशेतले पाचशे घेतले, बाकीचे परत येताना.
परत येणं तिलाही ठाऊक, मलाही.

शेठचा फोन. कुठे आहेस?
वयाया, म्हणालो.
काय?
वयाया, शेठ. याय आयवी.
प्यायलास का रे?
नाही म्हणायला गेलो, तर तेही तसंच निघालं.
शेवटी शिवलिंगने फोन घेतला
आणि माझ्या तोंडाचं काम केलं.

सुपारी पहाटे चारच्या आत वाशीला उतरायची होती.
मानखुर्दला हवालदाराने बॅटरी मारली.
फुंक.
फुंकलं, तर अर्धी हवा डाव्या कोपऱ्यातून गळाली,
सोबत लाल लाळ.
नाव काय?
मच्छिंद्र, हे नाव त्या ओठांनी घेऊन बघा एकदा.
तो म्हणाला, उतर खाली.

मी खिशातून कागदाची पुडी काढली,
उलगडली, त्याच्या बॅटरीखाली धरली.
तीन मुळं, काळं पडलेलं डोकं,
आणि पंधरा वर्षांचा चहा.

हवालदार बघत राहिला.
मग त्याची जीभ गालाच्या आत फिरताना
मला बाहेरून दिसली.
आवाज खाली आणून म्हणाला,
माझी पण हलते.
कुठे बसते ही बाई?

शिवलिंग म्हणाला, वाकून जा, साहेब.

खाडीपूल लागला तेव्हा गाल परत माझा होऊ लागला होता.
जीभ लावू नका, असं तिने बजावलं होतं.
पण जीभ राहून राहून तिथेच जाते,
इतक्या मोठ्या मुंबईत
गाडी लावायला जागा सापडल्यासारखी.